सरदारजी, सांगून का टाकत नाही?

तोंडात चार सेफ्टी पिना धरलेल्या असताना मला हा प्रश्न विचारला गेला, त्यामुळे जागेवर उत्तर देता आलं नाही.

शिकागोच्या बाहेर एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमच्याकडची मराठी मंडळी गणपती बसवतात. मिरवणुकीच्या दिवशी ढोल-ताशा पथकातल्या पोरांना फेटे बांधायचं काम गेली दहा-बारा वर्षं माझ्याकडे आहे. मी पडलो सरदारजी, म्हणजे फेट्यातला जाणकार असणारच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. खरं तर कोल्हापुरी फेटा आणि आमची पगडी यांत साम्य एवढंच की दोन्हीला कापड लागतं. फेटा मी यूट्यूबवर बघून शिकलो, कारण नाही म्हणायची लाज वाटली.

तर रांग लागलेली होती आणि बाजूच्या खुर्चीवर ठाण्याहून मुलाकडे आलेले एक काका बसले होते. म्हणाले, “परवा वाचलं, पुन्हा कुठल्यातरी सरदारजींना मुसलमान समजून मारलं म्हणे. काय हो, तुम्ही लोक सरळ सांगून का टाकत नाही, की बाबांनो, आम्ही ते नव्हे? निम्मा त्रास जागच्या जागी संपेल.”

काका प्रेमाने बोलत होते. हाच प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारलाय, दातांच्या डॉक्टरने विचारलाय, नांदेडला गेलो की शाळेतले मित्र विचारतात. पिना काढून मी म्हणालो, “नंतर बोलू निवांत.” ते नंतर राहूनच गेलं. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहितो.

मी नांदेडचा. रणजितसिंहांच्या काळात निजामाच्या मदतीला पंजाबातून फौज आली होती, तिच्यातले पुष्कळ जण गोदावरीकाठी राहिले ते राहिलेच. आमचं घराणं त्यांतलं. पंजाबातले लोक आम्हाला ‘दखनी’ म्हणतात आणि आमची पंजाबी ऐकून हसतात. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. दुपारची सुट्टी झाली की वर्गातली पोरं घड्याळाकडे बोट दाखवून “सरदार, बारा वाजले का रे?” म्हणायची. मीही हसायचो. हे एवढ्यासाठी सांगतो, की दाढी-पगडी बघून माणसाचा अंदाज बांधायची सवय काही फक्त गोऱ्यांना लागलेली नाही.

अमेरिकेत आलो 1998 साली. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात लागलो. तिथे माझ्याच पाळीत एक परभणीचा मुसलमान मुलगा होता. परदेशात परभणी आणि नांदेड म्हणजे एकच गल्ली. आम्ही डबा एकत्र खायचो, त्याच्या डब्यातली भेंडी मी आणि माझ्या डब्यातला राजमा तो. बोलायचो आपल्या मराठवाड्याच्या दखनीत, मध्येच मराठीत.

12 सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कचे टॉवर पडून एक दिवस झाला होता. पाळी संपवून आम्ही दोघं पार्किंगमध्ये चालत होतो. एक पिकअप ट्रक हळू झाला, काच खाली आली आणि आतल्याने मला एक शिवी घातली, बिन लादेनचं नाव घेतलं आणि घरी चालता हो म्हणाला. माझ्या तोंडून जे निघालं ते असं : “मी मुसलमान नाही! शीख आहे मी, शीख!” ट्रक तोवर पुढे गेला होता. ऐकलं फक्त माझ्या मागे डब्याची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या परभणीकराने.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अच्छा बोले सरदारजी. मेरेकू ऐसा बोलने आता तो मैं बी बोल देता.”

टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखा डबा उघडला आणि भेंडी माझ्याकडे सरकवली. मला ती गिळता गिळेना.

त्याच आठवड्यात मी गाडीला अमेरिकेचा झेंडा लावला. तेव्हा खूप शिखांनी लावले. पत्रकं वाटली, ‘शीख म्हणजे कोण’ हे समजावणारे फलक केले. भीती होती हो, दुसरं काय. आणि ती उगाच नव्हती, हे शनिवारी कळलं.

15 सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपासमोर गोळ्या घातल्या. ते पंपाच्या आवारात फुलझाडं लावत होते. त्याच दिवशी त्यांनी एका दुकानात खिशातले 75 डॉलर न्यूयॉर्कच्या मृतांच्या कुटुंबांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकले होते. मारणाऱ्याने पकडताना आपण देशभक्त असल्याचं ओरडून सांगितलं. सगळीकडे बातमी आली ती ‘मुसलमान समजून शिखाची हत्या’ अशी. पण त्या माणसाने पुढे काय केलं, ते फार कमी लोक सांगतात. सोढींना मारून तो दुसऱ्या एका पंपावर गेला आणि लेबनानी वंशाच्या माणसावर त्याने गोळ्या झाडल्या. तिथून एका अफगाण कुटुंबाच्या घरावर झाडल्या. नशिबाने तिथे कुणाला लागलं नाही. एका दुपारी तीन ठिकाणी. आता सांगा, सोढींनी त्याला ‘आम्ही ते नव्हे’ म्हणून समजावलं असतं आणि त्याने ऐकलंही असतं, तर त्या बंदुकीतल्या गोळ्यांचं काय झालं असतं? पुढच्या दोन पत्त्यांवर जास्त गेल्या असत्या, एवढंच.

पोस्टमनने चुकून शेजाऱ्याचं पत्र आपल्याकडे टाकलं तर आपण ते शेजारी नेऊन देतो. दगड आला तर तो नेऊन द्यायचा नसतो. हे मला पार्किंगमध्ये सुचलं नाही, पुढे कितीतरी वर्षांनी सुचलं.

आता पगडीचं. कारण काका, तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो तुम्ही सभ्यपणाने विचारत नाही : एवढं आहे तर काढून का ठेवत नाही?

माझी पगडी साधारण सहा मीटरची, पातळ सुती कापडाची. रोज सकाळी ती आधी घडी घालून घ्यावी लागते, तिला आम्ही ‘पूणी करणं’ म्हणतो. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, कापड ताणायचं आणि लांबीला दुमडत, पुन्हा दुमडत अरुंद पट्टी करायची. लहानपणी वडिलांची पूणी करायला मीच असायचो, शाळेला उशीर झाला तरी. अमेरिकेत आलो तेव्हा एकटा होतो. मग टोक दाराच्या मुठीला बांधायचो आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन ताणायचो. खोली लहान, कापड लांब. शेवटी दार उघडं ठेवून जिन्यात उभा राहायचो. वरच्या मजल्यावरची एक पोलिश आजी रोज माझं कापड ओलांडून खाली जायची. महिन्याभराने तिने काही न बोलता टोक हातात धरलं. बरोबर ताणलं होतं तिने. पूणी झाली की टोक दातांत धरून डोक्याला वेढे द्यायचे, एकावर एक पण थोडे सरकवून, आणि शेवटी लोखंडी सळईने कानाजवळचे चुकार केस आत ढकलायचे. सात-आठ मिनिटं. बिघडली तर सोडून पुन्हा.

ही टोपी नाही. आत कधीही न कापलेले केस असतात, आणि केस हीच मूळ गोष्ट. 1699 साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापला, तेव्हा केस, कंगवा, कडं, कच्छेरा आणि किरपाण ही पाच चिन्हं दिली. जातीची आडनावं सोडून पुरुषांनी सिंग आणि स्त्रियांनी कौर लावायचं ठरलं. (जाती त्याने गेल्या का? लग्नाच्या जाहिराती वाचा म्हणजे कळेल. तो वेगळा लेख.) पण दिसण्याबद्दलची एक कथा आमच्यात सांगतात, ती तुमच्या प्रश्नाला लागू आहे. 1675 मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात गुरू तेगबहादुरांचं शिर उडवलं, तेव्हा गर्दीत शीख होते, पण पुढे येऊन मी त्यांचा म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही. सगळे इतरांसारखेच दिसत होते, मिसळून गेले. हे ऐकून त्यांचा मुलगा, म्हणजे पुढचे गुरू गोविंदसिंग, म्हणाला, मी असा शीख घडवीन की हजारांत उभा केला तरी ओळखू येईल.

म्हणजे लपता येऊ नये, यासाठीच ही पगडी. संकट आलं की काढून ठेवायची असती तर तिची गरजच नव्हती. आणि ओळखू यायचं ते कशासाठी? कुणाला मदत हवी असेल तर त्याला गर्दीत माणूस सापडावा म्हणून. असं निदान आम्हाला शिकवतात.

ही ठेवण्यासाठी पश्चिमेत लोक किती भांडलेत! इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला 1967 ते 69 बसचालकांच्या पगडीवरून लढा चालला. बर्मिंगहॅममध्ये एका शाळेने मुलाला पगडीसकट घ्यायला नकार दिला, ते प्रकरण 1983 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि मुलाच्या बाजूने निकाल लागला. कॅनडाच्या पोलिसांत 1990 साली पगडीला परवानगी मिळाली. फ्रान्सने उलट केलं, 2004 पासून तिथल्या सरकारी शाळांत पगडी चालत नाही. माझ्या वाट्याला येतो तो विमानतळ. यंत्र शांत राहिलं तरी बाजूला घेतात. पगडीला त्यांनी हात लावलेला मला नको असेल तर मीच माझ्या पगडीवरून हात फिरवायचा आणि मग ते एका कापडाने माझे तळवे पुसून स्फोटकांसाठी तपासतात. मागे रांगेतली लहान मुलं बघत असतात. बायको म्हणते, गणपतीला आचमन करतोयस असा उभा राहतोस.

आता काका, तुमचं पुढचं वाक्य मला ऐकू येतंय. अहो, पण त्या औरंगजेबानेच ना तुमच्या गुरूंना मारलं! गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या मुलांना, साहिबजाद्यांना, सरहिंदला भिंतीत चिणलं! त्यांच्यासाठी तुम्ही का दगड खायचे?

खरं आहे. रोजच्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, आम्ही त्या मुलांची आठवण काढतो, एकही दिवस चुकत नाही. पण गुरू तेगबहादुर कशासाठी गेले ते बघा. काश्मिरी पंडित आपला धर्म वाचवा म्हणून त्यांच्याकडे आले होते. जानवं घालायला गुरू नानकांनी लहानपणीच नकार दिला होता, आमच्यात जानवं नाहीच. नवव्या गुरूंनी शिर दिलं ते दुसऱ्यांच्या जानव्यासाठी. त्यांना ‘आम्ही ते नव्हे’ म्हणणं किती सोपं होतं! आणि सरहिंदला त्या पोरांना शिक्षा सुनावली तेव्हा भर दरबारात विरोध करणारा एकच जण होता, मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान. त्याच्या त्या शब्दाची आठवण म्हणून मालेरकोटल्यात गुरुद्वारा आहे. 1947 मध्ये पंजाब पेटला, तेव्हा मालेरकोटल्याच्या मुसलमानांना शिखांनी हात लावला नाही. सगळीकडे आम्ही असे वागलो असतो तर काय हवं होतं. नाही वागलो, तेही मला माहीत आहे.

नानकांबरोबर गावोगाव रबाब वाजवत फिरणारा मर्दाना मुसलमान होता. आम्ही ज्याच्यापुढे माथा टेकतो त्या ग्रंथात मुसलमान सूफी संत शेख फरीद आहेत, विणकर कबीर आहेत, रविदास आहेत, आणि आपले नामदेव आहेत, एकसष्ट पदांनिशी. याच ग्रंथाला गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये आमच्या नांदेडात गुरू म्हणून घोषित केलं. तेव्हापासून माणूस गुरू होणं संपलं. नामदेवांचं पद आलं की गुरुद्वाऱ्यात बसलेल्या दोनशे पंजाब्यांत मला एकट्यालाच पंढरपूर दिसतं, त्याची गंमत वेगळी. पण मुद्दा असा, की मी ‘मी मुसलमान नाही’ म्हणून हात झटकले तर घरी येऊन फरीदांची पानं कुठल्या तोंडाने उलटू?

आणि ही युक्ती चालतही नाही, हा दुसरा भाग. इथला इतिहास वाचायला लागलो तेव्हा मला भगतसिंग थिंद सापडले. (आपल्या क्रांतिकारक भगतसिंगांशी गल्लत नको.) हे अमृतसरकडचे, पहिल्या महायुद्धात पगडी घालून अमेरिकेच्या लष्करात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना किंवा आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. थिंद यांच्या बाजूने सुप्रीम कोर्टात मांडलं गेलं, की आम्ही उच्च जातीचे आर्य, म्हणजे तुमच्यातलेच. खालच्यांकडे आम्ही तसंच बघतो जसं तुम्ही काळ्यांकडे बघता. वाचताना मान खाली गेली माझी. 1923 साली कोर्टाने एकमताने सांगितलं की सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीने तुम्ही गोरे नाही, विषय संपला. थिंद यांचं नागरिकत्व गेलं, आणि त्या निकालाच्या आधारे आधी मिळालेल्या इतरांचंही काढून घेतलं. त्यांना ते परत मिळालं 1936 मध्ये, माजी सैनिकांसाठी कायदा झाल्यावर.

त्याआधी, सप्टेंबर 1907 मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात चार-पाचशे गोऱ्यांच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना झोपेतून ओढून काढलं, मारलं, गावाबाहेर घालवलं. बहुतेक सगळे शीख होते. वर्तमानपत्रांनी त्यांना काय म्हटलं माहितेय? हिंदू. तेव्हा शिवी ‘हिंदू’ अशी होती. त्या रात्री एखादा सरदार ओरडला असेल का, मी हिंदू नाही म्हणून? ओरडला असेलही. मला त्याचा राग येत नाही, मी पार्किंगमध्ये तेच केलं होतं.

आमच्या घरापासून ओक क्रीक दीड-दोन तासांवर. विस्कॉन्सिनमधलं साधंसं उपनगर, तिथे गुरुद्वारा आहे. 5 ऑगस्ट 2012, रविवारची सकाळ, आत बायका लंगरचा स्वयंपाक करत होत्या. गोऱ्या वंशवर्चस्वाचं वेड डोक्यात असलेला एक माजी सैनिक आत शिरला आणि त्याने सहा जणांना मारलं. गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका हातात साधी सुरी घेऊन त्याला आडवे गेले, त्या सहांत तेही गेले. पहिला पोलीस आला तो ब्रायन मर्फी. त्याला पंधरा गोळ्या लागल्या आणि तो जगला.

त्या आठवड्यात टीव्हीवर एकच शब्द : गैरसमज. शिखांना मुसलमान समजल्यामुळे. चुकून. मी सोफ्यावर बसून तो शब्द पुन्हा पुन्हा ऐकत होतो. चुकून म्हणजे काय? बरोबर कुठे झालं असतं? पलीकडच्या मशिदीत?

मी तिथे पुढे बऱ्याचदा गेलो. एका दाराच्या चौकटीत गोळीचं एक भोक त्यांनी मुद्दाम ठेवलंय, बुजवलेलं नाही. खाली बोटभर पट्टी आहे, ‘आपण एक आहोत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आणि ती तारीख. त्याच दारातून लोक माथा टेकायला आत जातात, लहान मुलं त्या भोकात बोट घालून बघतात, कुणी रागवत नाही. त्या दिवशी जखमी झालेले बाबा पंजाबसिंग जवळजवळ आठ वर्षं अंथरुणात होते, बोलता येत नव्हतं, फक्त पापण्या हलायच्या. ‘चढदी कला’ असा आमच्यात शब्द आहे, रोजच्या प्रार्थनेत येतो : कितीही वाईट दिवस असला तरी मन पडू द्यायचं नाही. घरचे त्यांना विचारायचे, चढदी कलेत आहात ना? ते दोनदा पापण्या मिटायचे, म्हणजे हो. मार्च 2020 मध्ये ते गेले, त्या गोळीचे सातवे.

मला एवढं जमत नाही. मला राग येतो. माझ्या मुलाचा पटका सहावीत असताना शाळेच्या बसमध्ये कुणीतरी ओढून काढला आणि पूर्ण बसभर फेकाफेकी केली. शाळेने ‘मुलांची मस्करी’ म्हणून मिटवलं. त्या रात्री मी त्याला म्हणालो, “कापायचे असतील केस तर सांग, मी काही म्हणणार नाही.” बापाने असं म्हणायला नको होतं कदाचित. तो म्हणाला, “मग ते ठरवणार का माझं डोकं?” आणि झोपायला गेला.

त्यानेच मला 2017 मध्ये एक व्हिडिओ दाखवला. कॅनडातले जगमीतसिंग, पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक लढवत होते, आणि सभेत एक बाई त्यांच्या तोंडासमोर येऊन ओरडत होती, तुम्ही शरियत आणणार वगैरे. ते तिला सांगत राहिले, आमचं तुमच्यावर प्रेम आहे. मी मुसलमान नाही, हे एकदाही म्हणाले नाहीत. नंतर त्यांनी लिहिलं, की ते मुद्दाम टाळलं. तसं म्हटलं असतं तर मुसलमान असतो तर हा द्वेष चालला असता, असा अर्थ झाला असता. मुलगा म्हणाला, “बघ, एवढं सोपं आहे.” सोपं नाही, पण मी वाद घातला नाही.

म्हणून काका, मी सांगत नाही. कुणी नीट विचारलं, “तुम्ही कोण?” तर तासभर सांगतो, लंगरला घेऊन जातो, पोटभर जेवू घालतो. कुणी शिवी घालून विचारलं तर ‘मी ते नव्हे’ हे उत्तर मी सोडून दिलंय. परभणीकर आता टेक्सासमध्ये असतो. ईदला फोन करतो, दिवाळीलाही. ते पार्किंग आमच्यात पुन्हा कधी निघालं नाही. तो विसरला असेल, असं मी स्वतःला सांगतो.

त्या दिवशी मिरवणूक झकास झाली. पोरांनी तासभर ढोल बडवला, फेट्यांचे तुरे घामाने लोळले. संध्याकाळी सामान आवरून बाहेर आलो तर पार्किंगमध्ये एक पोरगा, विशीचा असेल, गाडीच्या आरशात बघून फेटा काढत होता. मी सकाळी दहा मिनिटं खपून बांधलेला. माझ्याकडे लक्ष गेलं तसा ओशाळला. “काका, राग मानू नका. वाटेत पेट्रोलला थांबायचंय ना, म्हणून.”

मी त्याच्या हातातला फेटा घेतला, दुसरं टोक त्याला धरायला लावलं आणि दोघांनी मिळून नीट घडी घातली. पिना त्याच्या खिशात ठेवल्या. मग मी माझी गाडी काढली. मलाही पेट्रोल भरायचं होतं.